खडकांवरील प्रतिबल आणि चुंबकत्व : भूकंपचुंबकीय मापनाचा परिचय

पृथ्वीच्या कवचातील बहुतेक खडकांमध्ये अल्प प्रमाणात का होईना, चुंबकीय खनिजे असतात. अशा खडकांवर पडणारे प्रतिबल वाढले, घटले किंवा त्याची दिशा पालटली की त्यांच्या चुंबकत्वातही सूक्ष्म बदल घडतो आणि त्या परिसरातील भूचुंबकीय क्षेत्रात तो उमटतो. या बदलांचे मापन करून भूपट्टांच्या हालचाली, भ्रंशांवरील प्रतिबल आणि भूकंप यांच्याशी त्यांचा संबंध शोधणाऱ्या ज्ञानशाखेस भूसांरचनिक चुंबकत्व म्हणतात. जपानी भूभौतिकीविद ताकेशी नागाता यांनी १९६९ मध्ये या विषयाचा आढावा घेतला, तेव्हापासून टेक्टोनोमॅग्नेटिझम हे तिचे आंतरराष्ट्रीय नाव रूढ झाले. प्रत्यक्ष भूकंपाशी निगडित असलेल्या बदलांना भूकंपचुंबकीय परिणाम आणि ज्वालामुखीच्या हालचालींशी निगडित बदलांना ज्वालामुखी-चुंबकीय परिणाम अशी संज्ञा आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

भूकंप आणि चुंबक यांच्यातील नात्याची कल्पना जुनी आहे. ११ नोव्हेंबर १८५५ रोजी रात्री जपानमधील एदो म्हणजे आजचे टोकियो शहर मोठ्या भूकंपाने उद्ध्वस्त झाले. त्या भूकंपाच्या समकालीन वृत्तांतात चष्मे विकणाऱ्या एका दुकानदाराची हकीकत आढळते. त्याच्या दुकानात मांडलेल्या मोठ्या चुंबकाला चिकटलेले खिळे व लोखंडी वस्तू भूकंपाच्या सुमारे दोन तास आधी एकाएकी गळून पडल्या आणि भूकंपानंतर चुंबकाची शक्ती पूर्ववत झाली, असे त्यात नमूद आहे. या हकीकतीचा प्रभाव इतका पडला की चुंबकावर आधारित भूकंपसूचक यंत्रेही बनवली गेली. आजच्या ज्ञानानुसार भूचुंबकीय क्षेत्रातील कोणताही संभाव्य बदल एखाद्या नैसर्गिक चुंबकाची पकड सोडवण्याइतका मोठा नसतो. तरीही भूकंपापूर्वी चुंबकत्वात काही घडत असावे, हा विचार त्या वृत्तांताने जपानी संशोधकांच्या मनात रुजवला.

या विचाराला भौतिकीचा आधार युरोपातील प्रयोगशाळेत मिळाला. इटालियन शास्त्रज्ञ एमिलिओ विल्लारी यांनी १८६५ मध्ये दाखवून दिले की ताण दिल्यास लोहचुंबकीय पदार्थाचे चुंबकत्व बदलते. विसाव्या शतकात हेच प्रयोग खडकांच्या नमुन्यांवर झाले. सोव्हिएत संघातील कलाश्निकोव्ह आणि कापित्सा यांनी १९५२ मध्ये दाबाखालील खडकांच्या चुंबकीय ग्रहणशीलतेतील बदल मोजून प्रसिद्ध केला. फ्रँक स्टेसी यांनी १९६४ मध्ये या परिणामाचे गणित मांडून, मोठ्या भूकंपाच्या वेळी भूपृष्ठावर किती बदल अपेक्षित धरावा याचा अंदाज बांधला.

या विषयाच्या इतिहासातील सर्वांत उद्बोधक निरीक्षण त्सुनेजी रिकिताके यांचे आहे. तोवर जगभरातून प्रसिद्ध झालेल्या भूकंपचुंबकीय नोंदी त्यांनी कालक्रमाने मांडून पाहिल्या. सुरुवातीच्या काळातील संशोधक शेकडो नॅनोटेस्लांचे बदल सांगत होते. उपकरणे सुधारत गेली तसतसे हे आकडे झपाट्याने उतरत गेले आणि १९६० नंतरच्या नोंदी काही मोजक्या नॅनोटेस्लांवर येऊन स्थिरावल्या. निसर्ग अर्थातच बदललेला नव्हता. दोऱ्याला टांगलेल्या चुंबकावर चालणारी जुनी उपकरणे भूकंपाच्या हादऱ्याने स्वतःच हलत व झुकत असत आणि त्यांचे ते डोलणे क्षेत्रातील बदल म्हणून नोंदले जाई. मापन जितके काटेकोर, तितका परिणाम लहान, हा धडा या शाखेने तेव्हापासून पायाभूत मानला आहे.

क्षेत्राचे स्वरूप व प्रमाण

चुंबकीय क्षेत्राची तीव्रता येथे नॅनोटेस्ला या एककात मोजतात. एक नॅनोटेस्ला म्हणजे टेस्लाचा एक अब्जांश भाग होय. भूपृष्ठावरील क्षेत्राची तीव्रता स्थानपरत्वे सुमारे २५,००० ते ६५,००० नॅनोटेस्ला असते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ती ४०,००० हून थोडी अधिक आहे. या क्षेत्राचे तीन भाग पडतात. पृथ्वीच्या बाह्य गाभ्यातील वितळलेल्या लोहाच्या अभिसरणातून निर्माण होणारा मुख्य भाग अत्यंत संथपणे, वर्षानुवर्षे बदलतो. सूर्याच्या प्रभावाखाली आयनावरण व चुंबकावरण यांतील विद्युत प्रवाहांमुळे उद्भवणारा बाह्य भाग रोज दिवसा काही दशक नॅनोटेस्लांनी आणि चुंबकीय वादळात शेकडो नॅनोटेस्लांनी हेलकावतो. तिसरा भाग कवचातील चुंबकित खडकांचा. प्रतिबलाने घडणारे बदल या तिसऱ्या भागात होतात आणि त्यांचे प्रमाण बहुधा एका नॅनोटेस्लाच्या आसपास असते. सुमारे ४० किलोमीटर लांबीच्या रस्त्यात पडलेला एका मीटरचा फरक ओळखण्याएवढी अचूकता त्यासाठी लागते, आणि तीही तो रस्ता सतत आखडत-ताणत असताना.

बदलांची कारणे व वर्गीकरण

कवचातील चुंबकीय बदल घडवणाऱ्या प्रक्रियांचे स्थूलमानाने चार वर्ग केले जातात.

पहिला आणि सर्वांत भक्कम आधार असलेला वर्ग दाबचुंबकीय परिणामाचा, म्हणजेच पिझोमॅग्नेटिझमचा आहे. बेसाल्टसारख्या खडकातील मॅग्नेटाइट व टायटॅनोमॅग्नेटाइट या खनिजांचे कण सूक्ष्म चुंबकीय प्रांतांत विभागलेले असतात. कणांवर प्रतिबल आले की या प्रांतांच्या सीमा सरकतात आणि चुंबकत्वाची दिशा किंचित वळते. दाबाच्या दिशेत खडकाची ग्रहणशीलता कमी होते, तर त्या दिशेला लंब असलेल्या दिशांत ती वाढते. एका मेगापास्कल प्रतिबलाने, म्हणजे सुमारे दहा वातावरणांच्या दाबाने, खडकाचे चुंबकत्व साधारण एक सहस्रांशाने बदलते. भूकंपात मुक्त होणारे प्रतिबल बहुधा एक ते दहा मेगापास्कल असते. चांगल्या चुंबकित खडकांच्या प्रदेशात या हिशेबाने भूपृष्ठावर एक ते काही नॅनोटेस्लांचा बदल अपेक्षित ठरतो. खडकांतील चुंबकीय खनिजे विरळ असतील तर बदल मापनाच्या आवाक्याबाहेर राहतो.

दुसरा वर्ग विद्युत्‌गतिक परिणामाचा आहे. खडकाचा पृष्ठभाग आणि त्याच्या छिद्रांतील खारट पाणी यांच्या सीमेवर विरुद्ध विद्युतभारांचे दोन थर तयार होतात. भ्रंशाजवळच्या भेगांतून दाबाखाली पाणी वाहू लागले की एका थरातील भार त्याच्यासोबत वाहून जातो आणि विद्युत प्रवाह निर्माण होतो. या प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. भूकंपप्रवण भ्रंशांत पाण्याचे महत्त्व मोठे असल्याने या परिणामाकडे संशोधक गांभीर्याने पाहतात.

तिसरा वर्ग उष्णतेने होणाऱ्या विचुंबकनाचा आहे. मॅग्नेटाइट सुमारे ५८० अंश सेल्सिअसला, म्हणजे त्याच्या क्यूरी तापमानाला, आपले लोहचुंबकत्व गमावते. शिलारस वर चढू लागला की त्याच्याभोवतीचा खडक तापून विचुंबकित होतो आणि थंड होताना पुन्हा चुंबकित होतो. हा परिणाम प्रामुख्याने ज्वालामुखींच्या प्रदेशात दिसतो. याच कारणाने कवचाच्या फार खोल, तप्त भागातून दाबचुंबकीय बदल येऊ शकत नाहीत.

चौथा वर्ग खडकांतील विद्युतभार-वाहकांचा आहे. अग्निज खडकांवर प्रतिबल दिल्यास त्यांच्यात धन भारवाहक सक्रिय होतात, असे फ्रीडेमान फ्रॉइंड यांनी प्रयोगशाळेतील नमुन्यांवरून प्रतिपादन केले आहे. कवचातील ओल्या, पाण्याने भरलेल्या खडकांत असे भार दूरवर पोहोचू शकतात का, यावर मतभेद आहेत. म्हणून हा वर्ग अद्याप गृहीतकाच्या पातळीवर आहे.

मापनाची साधने

या शाखेला खरे बळ दिले ते प्रोटॉन पुरस्सरण चुंबकत्वमापकाने. पॅकार्ड व व्हेरियन यांनी १९५४ मध्ये यामागील तत्त्वाचे प्रात्यक्षिक प्रसिद्ध केले. उपकरणाचा गाभा अतिशय साधा आहे. पाणी किंवा केरोसीन यांसारख्या हायड्रोजनयुक्त द्रवाने भरलेल्या बाटलीभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. गुंडाळीतून काही क्षण प्रबळ प्रवाह सोडला की द्रवातील प्रोटॉन एका दिशेला वळतात. प्रवाह बंद करताच ते पृथ्वीच्या क्षेत्राभोवती पुरस्सरण करू लागतात, म्हणजे भोवऱ्याच्या डुलत्या अक्षासारखे फिरू लागतात, आणि त्याच गुंडाळीत एक क्षीण, हळूहळू विरत जाणारा विद्युत संकेत निर्माण होतो. या संकेताची वारंवारता क्षेत्राच्या तीव्रतेच्या सम प्रमाणात असते. ५०,००० नॅनोटेस्लांच्या क्षेत्रात ती सेकंदाला सुमारे २,१२९ आवर्तने भरते आणि एका नॅनोटेस्लाच्या फरकाने ती आवर्तनाच्या केवळ ०.०४२६ भागाने बदलते. वारंवारता मोजणे ही भौतिकीतील सर्वांत अचूक क्रियांपैकी एक असल्यामुळे एवढा सूक्ष्म फरकही पकडता येतो. शिवाय हे प्रमाण प्रोटॉनच्या मूलभूत गुणधर्मावर ठरते. त्यामुळे तापमानाने किंवा कालांतराने उपकरणाचे मापन सरकत नाही आणि ते थोडे झुकले तरी क्षेत्राच्या एकूण तीव्रतेचा आकडा बदलत नाही.

त्याच्या जोडीला आणखी काही साधने वापरली जातात. ओव्हरहाउझर चुंबकत्वमापक प्रोटॉन पद्धतीचीच अधिक कार्यक्षम आवृत्ती आहे. फ्लक्सगेट चुंबकत्वमापक क्षेत्राचे तीन दिशांतील घटक वेगवेगळे मोजतो. सेकंदाला दहापासून एक शतांश आवर्तनापर्यंतच्या अतिनिम्न वारंवारतेच्या लहरी पकडण्यासाठी उच्च पारगम्यतेच्या गाभ्यावर तारेचे हजारो वेढे दिलेली प्रवर्तन गुंडाळी वापरतात.

गोंगाट आणि त्याचे निवारण

एका नॅनोटेस्लाचा शोध घेताना मुख्य अडचण उपकरणाची नसून सभोवतालच्या गोंगाटाची असते. महाराष्ट्रातील वेधशाळेचा इतिहास याचे उत्तम उदाहरण आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय निरीक्षणे होत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील घोड्यांच्या ट्रामगाड्या विजेवर चालवण्याचे ठरले. त्यांच्या प्रवाहाने निरीक्षणे बिघडतील हे ओळखून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी पर्यायी जागा निवडली आणि १९०४ मध्ये अलिबागची वेधशाळा सुरू झाली. कोकणातील काळा पाषाण स्वतःच चुंबकीय असल्याने तेथील बांधकामासाठी पोरबंदरचा अचुंबकीय दगड वापरला गेला आणि लोखंड कटाक्षाने टाळले गेले. दोन्ही ठिकाणी सुमारे दोन वर्षे समांतर निरीक्षणे घेऊन जुन्या-नव्या नोंदींचा सांधा जुळवण्यात आला. जपानमध्ये काकिओका वेधशाळेच्या रक्षणासाठी तिच्या परिसरातील लोहमार्गांवर एकदिश विद्युत प्रवाहाऐवजी प्रत्यावर्ती प्रवाह वापरला जातो. त्यामुळे टोकियोहून निघालेल्या जोबान मार्गावरील गाड्यांना तोरिदे स्थानकाच्या पुढे आपला वीजपुरवठा बदलावा लागतो.

सूर्यजन्य गोंगाटाचे निवारण वजाबाकीने होते. काही किलोमीटर अंतरावरील दोन केंद्रांत एकाच क्षणी क्षेत्र मोजतात आणि एका आकड्यातून दुसरा वजा करतात. आयनावरणातील प्रवाहांचा परिणाम दोन्ही केंद्रांवर जवळपास सारखाच असतो, त्यामुळे तो बव्हंशी नाहीसा होतो आणि स्थानिक बदल उरतो. आयनावरण शांत असलेल्या रात्रीच्या वेळातील आकड्यांची सरासरी घेतल्यास निष्कर्ष अधिक विश्वसनीय ठरतो. मात्र दोन केंद्रांखालील जमिनीची विद्युत्‌वाहकता भिन्न असेल तर सूर्यजन्य बदलही दोन्हीकडे वेगळा उमटतो. म्हणून ही वजाबाकी नेहमीच निर्दोष नसते.

भूकंपसमयी नोंदलेले बदल

कॅलिफोर्नियातील सॅन अँड्रियास भ्रंशाच्या परिसरात अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९७० च्या दशकात चुंबकत्वमापकांचे जाळे उभारले. माल्कम जॉन्स्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या जाळ्यातून मिळवलेल्या नोंदी या विषयातील सर्वांत निर्विवाद पुरावा मानल्या जातात. ८ जुलै १९८६ रोजी नॉर्थ पाम स्प्रिंग्ज येथे ५.९ परिमाणाचा भूकंप झाला, तेव्हा दोन केंद्रांवर १.२ आणि ०.३ नॅनोटेस्लांचे बदल नोंदले गेले. २८ जून १९९२ च्या ७.३ परिमाणाच्या लँडर्स भूकंपातही बदल एका नॅनोटेस्लाच्या घरातच होते. भ्रंशावरील सरकणे लक्षात घेऊन केलेल्या दाबचुंबकीय गणिताशी हे आकडे जुळतात. अर्थात, भूकंपाने प्रतिबल मुक्त होताना भूचुंबकीय क्षेत्र बदलते, ही गोष्ट आता सिद्ध आहे.

याच सिद्धीतून एक मर्यादाही स्पष्ट होते. भूकंपाच्या क्षणी प्रतिबलात होणारा बदल त्याआधीच्या काही दिवसांतील बदलाहून कितीतरी मोठा असतो. मुख्य घटनेचा ठसाच जर एका नॅनोटेस्लाइतका असेल, तर दाबचुंबकत्वातून मिळणारी पूर्वखूण त्याहून पुष्कळच लहान असणार. म्हणून मोठ्या पूर्वखुणेचा दावा कोणी केल्यास त्यामागे दुसरी एखादी प्रक्रिया दाखवावी लागते.

लोमा प्रीटाचा वाद

असा सर्वांत गाजलेला दावा कॅलिफोर्नियातील १७ ऑक्टोबर १९८९ च्या लोमा प्रीटा भूकंपाशी जोडलेला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अँटनी फ्रेझर-स्मिथ यांनी भूकंपाच्या अपिकेंद्रापासून सुमारे सात किलोमीटरवर, कोरालिटोस येथे, अतिनिम्न वारंवारतेच्या लहरींचा मापक बसवला होता. मूळ उद्देश नैसर्गिक व मानवनिर्मित चुंबकीय गोंगाटाचा अभ्यास हा होता. भूकंपानंतर नोंदी तपासल्या तेव्हा ५ ऑक्टोबरपासून गोंगाटाची पातळी लक्षणीयरीत्या वाढलेली आणि भूकंपाच्या सुमारे तीन तास आधी सेकंदाला एक शतांश आवर्तनाच्या आसपास ती फारच उंचावलेली आढळली. १९९० मध्ये हा निबंध प्रसिद्ध होताच जगभर अशा मापकांची केंद्रे उभी राहिली. १९९३ च्या ग्वाम भूकंपासह अनेक घटनांबाबत तशाच पूर्वखुणा जाहीर झाल्या.

वीस वर्षांनी, २००९ मध्ये, या नोंदींची नव्याने छाननी झाली. जेरेमी थॉमस, जेफ्री लव्ह आणि माल्कम जॉन्स्टन यांनी कोरालिटोसच्या नोंदी दूरच्या वेधशाळांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या आणि तो वाढलेला संकेत उपकरणातील बिघाडामुळे असावा, असा निष्कर्ष काढला. वॉलेस कँबेल यांनी त्याचे मूळ त्या काळातील सूर्यजन्य चुंबकीय अस्वस्थतेत शोधले. ग्वामचा संकेतही जागतिक चुंबकीय हालचालींशी जुळणारा निघाला. या छाननीमुळे एक नियम पक्का झाला : एकाच केंद्रावर दिसलेला आणि भूकंपानंतर शोधलेला संकेत पूर्वखूण म्हणून स्वीकारता येत नाही.

कॅलिफोर्नियातील पार्कफील्ड येथील अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो. १८५७ ते १९६६ या काळात तेथे सहा वेळा सारख्याच आकाराचे भूकंप झाल्याने तो परिसर प्रतिबलमापक, भूकंपमापक आणि चुंबकत्वमापक अशा साधनांनी सज्ज ठेवण्यात आला होता. अपेक्षित काळानंतर दशकभराने, २८ सप्टेंबर २००४ रोजी, ६.० परिमाणाचा भूकंप झाला. भूकंपसमयी सुमारे ०.३ नॅनोटेस्लांचा बदल नोंदला गेला. खात्रीची चुंबकीय पूर्वखूण मात्र मिळाली नाही.

उपयोग

भूकंपाचे भाकीत हाती आले नसले, तरी या मापनाचे अन्य उपयोग भरीव आहेत. ज्वालामुखींच्या निरीक्षणात ते विशेष फलदायी ठरले. जपानमधील इझू-ओशिमा ज्वालामुखीचा उद्रेक नोव्हेंबर १९८६ मध्ये झाला, त्यापूर्वीच विवराजवळच्या क्षेत्रातील बदलांनी खालचे खडक तापत असल्याचे सुचवले होते. जलाशयांच्या भाराचे परीक्षण हा दुसरा उपयोग. ऑस्ट्रेलियातील तालबिंगो जलाशय भरत असताना स्टेसी व त्यांच्या सहकाऱ्याने पाण्याच्या भारामुळे झालेला चुंबकीय बदल मोजला आणि १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. प्रतिबल ज्ञात असताना निसर्गातच केलेला हा प्रयोग म्हणावा लागेल. तिसरा उपयोग त्सुनामीच्या अभ्यासाचा. समुद्राचे खारे पाणी विद्युत्‌वाहक असल्याने त्याची मोठी लाट भूचुंबकीय क्षेत्रातून जाताना स्वतःचे क्षेत्र निर्माण करते. फेब्रुवारी २०१० च्या चिलीतील भूकंपानंतर ईस्टर बेटावरील वेधशाळेत अशा लाटेचा सुमारे एका नॅनोटेस्लाचा ठसा आढळला. चौथा उपयोग भूगर्भाच्या चित्रणाचा. क्षेत्रातील नैसर्गिक हेलकावे आणि जमिनीतील विद्युत प्रवाह एकत्र मोजून भ्रंशाच्या खोल भागातील पाण्याचा व खडकांच्या रचनेचा मागोवा घेता येतो.

भारतातील कार्य आणि कोयना

भारतात कुलाबा-अलिबागची परंपरा पुढे नेणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था १९७१ मध्ये स्वायत्त झाली. तिचे मुख्यालय आज नवीन पनवेल येथे आहे. हिमालयात, उत्तराखंडमधील घुत्तू येथे वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेने बहुविध भूभौतिकीय वेधशाळा उभारली आहे. तेथे चुंबकीय क्षेत्राबरोबर गुरुत्व, रेडॉन वायू, भूजल आणि कंपने यांचे एकाच स्थळी सतत मापन होते. एकाच साधनावर विसंबल्याने लोमा प्रीटाच्या नोंदीबाबत जी संदिग्धता राहिली, ती टाळण्याचा हा योग्य मार्ग आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने कोयनेचा परिसर या शाखेशी अनेक अंगांनी जोडला जातो. ११ डिसेंबर १९६७ रोजी तेथे ६.३ परिमाणाचा भूकंप झाला आणि त्यात पावणेदोनशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातील पाण्याशी निगडित असलेली भूकंपांची मालिका तेथे अजूनही चालू आहे. तेथील भूपृष्ठावर सुमारे एक किलोमीटर जाडीचा बेसाल्ट आहे आणि बेसाल्ट हा चुंबकीय खनिजांनी समृद्ध खडक आहे. जलाशयाची पातळी दरवर्षी ठराविक ऋतूत वाढते व घटते. म्हणजे प्रतिबलातील बदल आगाऊ ठाऊक असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने येथे विद्युत्‌चुंबकीय सर्वेक्षणे केली आहेत. कराडच्या संशोधन प्रयोगशाळेच्या माध्यमातून गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोल प्रायोगिक विंधन विवरही पूर्ण झाले आहे. चुंबकित खडक, ज्ञात भार, वारंवार होणारे लहान भूकंप आणि खोलवरचे खडक प्रत्यक्ष तपासण्याची सोय ही चारही अंगे एका ठिकाणी क्वचितच सापडतात.

मूल्यमापन

दीडशे वर्षांच्या या प्रवासाचे फलित दोन विधानांत सांगता येते. प्रतिबलाने खडकांचे चुंबकत्व बदलते आणि तो बदल भूपृष्ठावर मोजता येतो, हे सिद्ध झाले आहे. त्या बदलावरून भूकंपाची वेळ आधी सांगता येते, हे सिद्ध झालेले नाही. या दोन विधानांतील अंतर प्रामाणिकपणे जपणे हे या शाखेचे बौद्धिक बळ आहे. भूकंपप्रवण प्रदेशातील नागरिकाने भूचुंबकीय पूर्वसूचनेच्या भरवशावर राहू नये. भूकंपरोधक बांधकाम आणि पूर्वतयारी हेच आज त्याचे खरे संरक्षण आहे. संशोधकांपुढील कर्तव्यही तितकेच स्पष्ट आहे : अनेक केंद्रांवर, अनेक साधनांनी, अखंड आणि दीर्घकाळ नोंदी ठेवणे आणि त्या सर्वांना तपासता येतील अशा खुल्या ठेवणे. एका नॅनोटेस्लावरून कवचातील प्रतिबलाविषयी जे काही कळू शकेल, ते अशा नोंदींतूनच कळणार आहे.